हलीमाच्या खिशातला कोबाल्टचा चाकू

हलीमाला थांबणं जमत नाही. टेम्पोला पाच मिनिटं उशीर झाला की ती शहाद्याच्या नाक्यावरून पायीच चालू लागते, आणि मागून येऊन टेम्पोनेच तिला गाठायचं. चहा गार होऊ देत नाही, भांडण तर त्याहून नाही. वय पंचेचाळीस, अंगाने काटकुळी. कमीजला आतून शिवलेला एक खिसा, आणि त्या खिशात बोटभर लांबीचा घडीचा चाकू.

काम काय, तर पपईचा चीक काढणं. सरकारी कागदावर या बायकांच्या नावापुढे ‘अकुशल’ लिहितात. लिहिणाऱ्याने एकदा पहाटे साडेपाचला बागेत यावं. झाडावर लटकलेल्या हिरव्या, कच्च्या फळावर उभी चीर मारायची. नखाच्या जाडीएवढी, त्याहून खोल गेली तर फळ सडलं, उथळ राहिली तर चीक आलाच नाही. एका फळाला चार चिरा. चीक दुधासारखा ठिबकतो, झाडाच्या बुंध्याला बांधलेल्या प्लास्टिकच्या पसरट पाटीवर पडतो, तिथे दह्यासारखा आळतो. तो खरवडून डब्यात भरायचा. ऊन वर आलं की चीक आटतो, म्हणून दहाच्या आत सगळं उरकायचं. तीनशे झाडं, आठ बायका. या हाताला अकुशल म्हणणाऱ्याच्या हाती चीर मारायची पत्ती द्या, पहिल्याच फळात कळेल कोण काय आहे ते.

या धंद्यात एक गोष्ट चालत नाही, ती म्हणजे लोखंड. चिकाला गंजकं लोखंड लागलं की तो तपकिरी पडतो. मग चिकाची पूड करणारा कारखाना डबा घेत नाही. चीक स्वतःही काही गरीब नाही, साध्या सुरीचं पातं आठवड्यात खाऊन टाकतो, बायकांच्या बोटांची सालं काढतो. म्हणून बाकीच्या बायका काय करतात, दाढीच्या पत्तीचा अर्धा तुकडा बांबूच्या कामटीला दोऱ्याने बांधतात आणि दर दोन-तीन दिवसांनी बदलतात.

हलीमा बदलत नाही. तिचा नवरा मेहबूब लेथवर काम करतो. चार वर्षांपूर्वी भंगारात वाफेच्या जुन्या व्हॉल्व्हची एक झिजकी पट्टी त्याच्या हाती लागली. कानशीने घासायला गेला तर कानसच बोथट झाली. तेव्हा त्याला कळलं की हे कोबाल्टचं आहे. यात लोखंड नावाला. पाणी, घाम, लिंबू, मीठ, चीक, कशालाच हा धातू दाद देत नाही. महिनाभर रोज जेवणानंतर दगडी चाकावर घासून घासून त्याने त्याचं पातं केलं, शिसवी लाकडाची मूठ लावली, आणि ईदच्या दिवशी साडीच्या ऐवजी बायकोच्या हातात ठेवलं. हलीमा आधी चिडली. मग तिने तो उघडला, मिटला, उघडला, आणि साडीचं नाव पुन्हा काढलं नाही.

त्या दिवसापासून चाकू खिशात. मिरचीच्या पोत्याची शिवण याने उसवायची, ऊस याने सोलायचा, पायातला काटा याने काढायचा, नातीची पेन्सिल याने तासायची. वजन जाणवत नाही, मिटला की मुठीत मावतो, धार चार-चार महिने हलत नाही. बागेत तर तो मिरवायचीच चीज. टोळीची मुकादम तीच, त्यामुळे मिरवायला अडवणारं कोणी नव्हतं. नव्या बाईला ती पहिल्याच दिवशी सांगायची, “लोखंड नही हाई. कोबाल्ट शे.”

फुलीबाई, टोळीतली सगळ्यात थोरली, एकदा चाकू डोळ्यांजवळ नेऊन, चमच्यात तोंड बघावं तसं बघून म्हणाली, “कोबाल्ट तं निळं ऱ्हास ना वं? हाई तं चमचाना मायेक दिखस.”

“तुन्हं नाव फुली शे,” हलीमा म्हणाली, “तू कोनता फूलना मायेक दिखस?”

फुलीबाईसकट सगळ्या हसल्या होत्या.

यंदा मार्गशीर्षात मात्र हसणं बंद झालं. सारंगखेड्याच्या यात्रेचे, घोडेबाजाराचे दिवस. रस्ताभर घोड्यांच्या गाड्या, टेम्पो रोज अडकायचा, आणि हलीमा रोज ड्रायव्हरच्या कानाशी कटकट करायची. अशाच एका सकाळी डबे न्यायला येणारा भिला बागेच्या बांधावर उभा राहिला. त्याने एका डब्याचं झाकण काढून नवनीतच्या नाकासमोर धरलं. नवनीत म्हणजे बागेचा मालक.

“भाऊ, दूध शे का चहा शे?”

चीक कडेने तपकिरी झाला होता.

“हाऊ डबा परत,” भिला म्हणाला. “आखो एक असा निंघना तं ह्या बागमा मन्ही गाडी येवाव नही. मी नही, कारखानाना मानूस म्हनस.”

गाडी बंद म्हणजे हंगाम बंद. आठ बायकांच्या हातचं काम माघ सरेपर्यंत होतं, ते आजच संपणार. नवनीत वाईट माणूस नव्हता, पण घाईत असलेला मालक होता. तो हलीमाला म्हणाला, “भाभी, कोन्हं हत्यार खराब शे ते शोधा. जिन्हं व्हई, तिले घर धाडा. माले इचारू नका.”

हलीमाला विचारायचं नव्हतंच. ती तिथल्या तिथे वळली. “आयकं का समद्यास्नी? जिन्हं हत्यार, ती घर. मी बी कोन्ही भीड धरावाव नही.”

मग ती एकेकीच्या कामट्या बघत गेली. बघत गेली म्हणजे काय, हिसकावून, उलटून, परत फेकत. पाचवी होती रंजिता. प्रकाशा गावची, तिशीतली, टोळीत दोनच महिन्यांची. कामाला चोख, पण उलट बोलायची. हलीमाला उलट बोलणाऱ्या बायका आवडतात, दुसऱ्यांशी बोलत असतील तर.

रंजिताच्या कामटीवर पत्तीच्या मुळाशी तांबूस डाग होता.

“हाऊ डाग कसाना?”

“दोराना रंग शे, आपा. लाल दोरा व्हता, भिजीसनी उतरना.”

“दोरा! माले दोरा शिकाडस का?”

“मन्ही पत्ती कालदिन बदलेल शे. देखा ना नीट.”

“देखं मी.” हलीमाचा आवाज तीन ओळी पलीकडे गेला. “तुन्हा हातनं समदी टोळी बुडी. ऊठ, चाल घर.”

रंजिता उठली. तिने कामटी मोडली नाही, फेकली नाही. कापडात गुंडाळली, पिशवीत ठेवली आणि बांधावरून चालू लागली. एकदाही मागे बघितलं नाही. हलीमाला ते बघणं हवं होतं. रडली असती, शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. नुसती पाठ दिसत राहिली.

दुसऱ्या दिवशी रंजिता नव्हती. तिसऱ्या दिवशीही नव्हती. आणि तिसऱ्या दिवशी सकाळी नऊ वाजता हलीमाने डब्यात हात घातला तर चीक पुन्हा तपकिरी.

भिला यायला अजून तीन तास होते. तिने तो डबा बाजूला काढला, नवनीतला स्वतःच बोलावून दाखवला. लपवणं तिच्या स्वभावात नाही, तेवढं तिच्या बाजूने लिहायलाच हवं. बायका गोळा झाल्या. सहा तोंडांवर एकच प्रश्न होता. रंजिता तर गेली, मग आता कोण?

“समद्यास्ना हत्यारं चीकमा टाका,” हलीमा म्हणाली. “वाटक्या आना. जिन्ही वाटकी लाल व्हई, ती घर. भांडण नको, तंटा नको.”

पंपाच्या खोलीतून जेवणाच्या वाटक्या आल्या. सात वाटक्या ओळीने मांडल्या, प्रत्येकीत ताजा चीक, प्रत्येकीत एक कामटी, पत्तीच्या बाजूने. हलीमाच्या वाटकीत फुलीबाईने चाकूचं नुसतं पातं बुडवलं.

“पुरा टाक,” हलीमा म्हणाली. “मूठसकट टाक. उद्या कोनी म्हनाले नको, मुकादमनी सोताले सांभाळं.”

फुलीबाईने खांदे उडवले आणि चाकू आख्खाच वाटकीत सोडला.

मग वाट बघणं आलं. हलीमासाठी याहून वाईट शिक्षा नाही. बाकीच्या बायका सावलीत बसून भाकरी खाऊ लागल्या. ती बसली, उठली, पाट्या धुतल्या, धुतलेल्या परत धुतल्या. वाटक्यांपाशी गेली, फुलीबाईने हाकललं. “दूध तापाले ठेवं शे का, सारखी वाकी वाकी देखी ऱ्हायनी?” नवनीत मोटारसायकलवर टेकून मोबाईल बघत होता, पण त्याचं बोट हलत नव्हतं. रस्त्यावरून घोड्यांची एक गाडी गेली, घंटा वाजत गेल्या. हलीमाने मनात नावं लावून टाकली होती. दुसरी वाटकी कालीबाईची, तिची पत्ती जुनी दिसत होती. कालीबाई धडगावच्या डोंगरातली, जास्त बोलत नाही. तिला घरी पाठवायचं तर कसं सांगायचं, ती शब्द जुळवत होती.

दीड तासाने फुलीबाई उठली आणि ओळीने बघत गेली. पहिली पांढरी. दुसरी पांढरी. तिसरी, चौथी, पाचवी, सहावी, सगळ्या पांढऱ्या.

सातव्या वाटकीत चाकूच्या मध्यावरून, जिथे पातं मुठीत शिरतं त्या सांध्यातून, विडीच्या रंगाची एक रेघ निघाली होती आणि वाटकीभर पसरली होती.

 फुलीबाईने वाटकी सरकवत हलीमासमोर आणली.

हलीमाने चाकू उचलला, ओढणीने पुसला. पातं लख्ख होतं, आरशासारखं. सांध्यात मात्र गंज. आणि तेव्हा तिला ते आठवलं. भाद्रपदात सांध्याची पिन सैल झाली होती. मेहबूबने बनवलेली पिन न गंजणाऱ्या स्टीलची होती. तो म्हणाला होता, संध्याकाळी आलो की नवी घालून देतो. पण तिला कांदा तेव्हाच चिरायचा होता. तिने जुनी पिन वरवंट्याने ठोकून काढली आणि चपलेतला एक बारीक लोखंडी खिळा आत मारून दिला. चाकू परत उघडायला-मिटायला लागला, आणि ती विसरून गेली. तेव्हा बागा सुरू नव्हत्या. चीक सुरू झाल्यावर तो रोज थोडा थोडा सांध्यात झिरपत राहिला असणार. चार वर्षं ती पात्याचं कौतुक सांगत होती, पातं तर निर्दोषच होतं.

“मन्ही शे,” ती म्हणाली. “लाल वाटकी मन्ही शे.”

नवनीत जवळ आला. त्याने आवाज खाली केला. “भाभी, खिळा बदली टाका, इषय खतम. भिलाले मी देखस. रंजिताले बी सांगसू काहीबाही.”

“काहीबाही?” हलीमा फिरली. आता तिला कोणीतरी भांडायला हवं होतं आणि नवनीत मिळाला. “तिले हाकली दिन्ही तवय कोनी म्हनं नही, पत्ती बदली टाक, इषय खतम. मन्ही येळले इषय खतम व्हस का?”

“तुमी मुकादम शेतस, भाभी.”

“म्हनीसनीच. नियम मन्हाच तोंडना शे. आठ दिन मी घर. पुढे तुमी अन् टोळी देखी ल्या.”

फुलीबाई म्हणाली, “आते नाटक नको करू वं. काम कोन करी?” पण हलीमाने ओढणी कमरेला खोचली होती आणि ती बांधावर पोहोचलीसुद्धा होती.

घरी मेहबूब जेवायला आलेला. तिने चाकू ताटाशेजारी आपटला आणि सगळं एका दमात सांगितलं. मेहबूबने घास संपवला, हात धुतला, चष्मा लावला, मग सांधा बघितला.

“पत्ती मैंने बनाई,” तो म्हणाला. “कील किसने ठोकी?”

“मालूम है, किसने ठोकी.”

“तेरे हाथ कू सबर नई. शाम तक भी नई.”

तिने ताट उचलून मोरीत नेलं.  मेहबूबने पेटीतून छिन्नी काढली, गंजका खिळा दोन ठोक्यांत बाहेर पाडला, आणि स्टीलची नवी पिन शोधायला लागला. दहा मिनिटांचं काम. हलीमाने ती दहा मिनिटं घड्याळात बघितली, आणि प्रत्येक मिनिटाला रंजिताची पाठ दिसत गेली.

पिन बसायच्या आतच ती उठली. “रहने दो. शाम कू आके लेती.”

चाकू नसलेला खिसा हलका लागत होता. प्रकाशाच्या बसमध्ये तिचा हात चार वेळा तिथे गेला.

रंजिताचं घर देवळाकडे जाणाऱ्या गल्लीत. ओट्यावर रंजिताची सासू तापीबाई बसली होती, लाल मिरच्यांचे देठ तोडत. गल्लीत आणखी तीन-चार बायका हेच करत होत्या. रंजिता आतून आली आणि उंबऱ्यातच थांबली. “ये” म्हणाली नाही.

हलीमा ओट्यापाशी गेली, वाकली आणि हलक्या आवाजात म्हणाली, “मन्हाकडतीन चूक व्हयनी, बहीन. गंज मन्हा चाकूना व्हता.”

रंजिताने मान हलवली. “आपा, बागमा तुमी वरडनात. सहा बाया आयकी ऱ्हायन्यात. आते कानमा सांगतस?”

“मंग काय करू?”

“माले काय इचारतस? तवय इचारं व्हतं का?”

तापीबाईने मिरची टाकली. गेले तीन दिवस सुनेला तिने काय काय ऐकवलं असेल, ते तिच्या तोंडावर लिहिलेलं होतं. “गल्लीमा तं सांगी दिन्हं ना समद्यास्नी,” ती पुटपुटली, “रंजिताना हातनं माल नासा म्हनीसनी.”

हलीमा सरळ झाली. माफी मागायचा तिला सराव नव्हता, ओरडायचा होता. तेच उपयोगी पडलं. ती गल्लीच्या मधोमध गेली आणि ज्या आवाजाने ती टेम्पो थांबवते त्याच आवाजात म्हणाली, “आयका वं समद्या! मी हलीमा, शहादानी, टोळीनी मुकादम! रंजिताना हातनं माल नासा नही! मन्हा चाकूना गंज व्हता! मी तिले खोटं पाडं, तिन्ही पत्ती चांगली व्हती, मी नीट देखं बी नही!”

दारं उघडली. एक कुत्रं भुंकू लागलं. देवळातून परतणारी दोन माणसं थबकली.

“पुरं, पुरं!” तापीबाई घाबरली. “एवढी वरडू नको वं माय, लोके म्हनतीन काय व्हयनं!”

“म्हनू द्या,” रंजिता उंबऱ्यातून म्हणाली. पहिल्यांदाच तिच्या ओठाच्या कोपऱ्यात काहीतरी हललं. “चहा पेतस का?”

चहा झाला. हलीमाने एका घोटात संपवला, तोंड भाजलं. मग तिने सांगितलं की ती स्वतः आठ दिवस घरी आहे.

“मंग टोळी कोन देखी?”

“तू. उद्यापाशीन तू देख. मी नवनीतभाऊले सांगी देस.”

रंजिताने कप खाली ठेवला. “देखा! सोताच काढतस, सोताच आनतस, आते मुकादम बी सोताच करतस. माले इचारं का एकदाव तरी?”

 मिरचीच्या देठांचा ठसका गल्लीभर होता आणि तिच्या डोळ्यांत पाणी आलं, ते ठसक्याचं होतं असं तिने नंतर मेहबूबला सांगितलं.

“येशी का?” तिने विचारलं. “टोळी देखशी का? आठ दिन?”

रंजिताने कप उचलून घेतले. “बस निंघी जाई तुम्हनी,” एवढंच म्हणाली.

दुसऱ्या दिवशी पहाटे टेम्पोचा हॉर्न हलीमाच्या गल्लीच्या तोंडाशी वाजला. हलीमा जागीच होती. टेम्पो थांबला, बायका चढल्याचे आवाज आले, मग निघून गेला. प्रकाशाच्या बाया बागेत थेट येतात, टेम्पोच्या आवाजावरून रंजिताचं काही कळण्यासारखं नव्हतं. तिने भांडी घासली. नातीची वेणी घातली, ओढून घातली, नात रडली. मेहबूबने नीट करून दिलेला चाकू खिशात होता, तिने तो इतक्या वेळा उघडला-मिटला की तो कामावर जाताना म्हणाला, “अब नई पिन भी ढीली करेगी.”

साडेबाराला तिनेच नवनीतला फोन लावला.

“डबा?”

“पांढरा फट,” नवनीत म्हणाला. “भिला लई ग्या.”

“रंजिता?”

“उनी ना. पहाटे पाचलेच उनी, टेम्पोना आधी. समद्यास्न्या पत्त्या देख्यात, कालीबाईनी बदलाले लायी. मन्हा बी जीव खायी ऱ्हायनी, पाट्या जुन्या शेतस म्हने.” तो थोडा थांबला. “अजून एक बोलनी. आठ दिन झाले म्हंजे हलीमाआपाले टोळीमा घेवानं का नही, ते ती ठरावई म्हने.”

हलीमाला राग आला. कानापर्यंत आला. दोन महिन्यांची पोरगी, आणि मला घ्यायचं का नाही हे ठरवणार? तिने फोन या हातातून त्या हातात घेतला.

“भाभी? शेतस का?”

“शे,” ती म्हणाली. “तिले सांगा, मी इचारीसनीच येसू.”

फोन ठेवला. अजून सात दिवस आणि वर अर्धा दिवस. तिने झाडू उचलला आणि झाडलेलं अंगण पुन्हा झाडायला घेतलं.